फोटो क्रमांक १४ : एका टोटल लॉस क्लेमच्या प्रकल्प नोंदी

अपघातात मोडलेल्या माझ्या गाडीच्या विम्याच्या या नोंदी. टोटल लॉस म्हणजे गाडी दुरुस्त न करता विमा कंपनी तिची किंमत मोजते. नोंदी जशा त्या त्या दिवशी लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत. बदल एकच केला. रकमा काढून टाकल्या आणि विमा कंपनीचा पहिला प्रस्ताव १०० धरून बाकी सगळ्या रकमा त्या मापातल्या अंकांत मांडल्या. गाडीची किंमत प्रत्येकाची वेगळी, पण भांडण साधारण याच प्रमाणात होतं.

३ मार्च

काल संध्याकाळी सिग्नलला उभी होते. मागून मालवाहू गाडीने ठोकलं. माझी गाडी तिरकी सरकत गेली आणि डाव्या कुशीवर दिव्याच्या खांबाला जाऊन बसली. डावीकडची दोन्ही दारं आत आली. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं, एवढंच लिहून पुढे जाते.

मान अवघडली आहे. डॉक्टरांना दाखवलं, कागद घेतला. ती फाईल वेगळी, गाडीच्या हिशेबात मिसळायची नाही.

पोलिसांकडे नोंद झाली. ठोकणाऱ्या गाडीचा नंबर, तिच्या विम्याचा तपशील आणि खांबासकट चारही बाजूंचे फोटो घेतले. गाडी टो करून ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. आग लागू नये म्हणून गॅरेजवाल्या काकांनी आल्या आल्या बॅटरीची वायर काढून टाकली. (ही साधी गोष्ट पुढे महागात पडणार होती. तेव्हा कुठे माहीत होतं!)

४ मार्च

क्लेम नोंदवला. नंबर मिळाला.

रात्री पॉलिसी पहिल्यांदाच पूर्ण वाचली. सहा वर्षं हप्ते भरले आणि वाचली आज. कामाच्या चार गोष्टी मिळाल्या.

भरपाई म्हणजे 'अपघाताच्या लगेच आधीची बाजारातली किंमत'. नव्या गाडीची किंमत नाही आणि माझ्या कर्जाची बाकीही नाही. काही पॉलिसींत रक्कम सुरुवातीलाच ठरवून छापलेली असते. तिथे घासाघिशीला जागा फार कमी, जो काही वाद घालायचा तो नूतनीकरणाच्या वेळीच घालावा लागतो. माझी तशी नाही. म्हणजे किंमत अजून ठरायची आहे, आणि ती ठरवताना मीही बोलू शकते.

दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. ही रेघ सगळीकडे सारखी नसते. कुठे ६० टक्के असते, कुठे ७५, कुठे पूर्ण १००. काही ठिकाणी दुरुस्तीत मोडीची किंमत मिळवून बेरीज बघतात.

अनिवार्य वजावट म्हणून २ अंक माझ्या खिशातून.

शेवटच्या पानावर मूल्यांकनाचं कलम. रकमेवर एकमत झालं नाही तर दोघांनी आपापला मूल्यांकक नेमायचा, त्या दोघांनी मिळून एक पंच निवडायचा, तिघांपैकी दोघांचं जुळेल तो आकडा पक्का. आपल्या माणसाची फी आपण द्यायची, पंचाची निम्मी निम्मी. पेन्सिलने खूण करून ठेवली.

७ मार्च

सर्व्हेअर आले. वीस मिनिटं थांबले. भराभर फोटो काढले. माणूस सभ्य होता, पण त्यांना पुढे अजून चार ठिकाणी जायचं होतं. डॅशबोर्ड काळाठिक्कर. "रनिंग किती?" मी म्हटलं, साठ-एकसष्ट हजार किलोमीटर. त्यांनी मान हलवली. लिहिलं की नाही ते दिसलं नाही.

११ मार्च

कंपनीच्या अधिकाऱ्यांचा फोन. "मॅडम, गाडी टोटल लॉसमध्ये गेलीय. दुरुस्तीचा अंदाज ८२ येतोय. आमचा प्रस्ताव १००. संमतीपत्र मेल करतो, सही करून पाठवा, आठवड्यात पैसे जमा होतील."

आवाज इतका मदतीचा होता की मी 'बरं' म्हणून टाकणार होते. म्हटलं, आधी मूल्यांकनाचा पूर्ण अहवाल पाठवा, वाचून कळवते.

"अहवाल म्हणजे, आमच्या सिस्टीमने काढलेला आकडा असतो मॅडम."

"तोच. सगळ्या पानांसकट."

फोन ठेवल्यावर लगेच मेल केली: आज फोनवर असं असं ठरलं, चूक असेल तर कळवा. हा नियम या नोंदीपुरता कायम. फोनवर बोललेलं त्याच दिवशी मेलमध्ये उतरवायचं.

दादाचं मत: "सरळ दीडशे माग, ते सव्वाशेवर येतील." दादा भाजी असो की बंगला, सगळीकडे हाच फॉर्म्युला वापरतो. मला पटत नाही. समोरच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून काही द्यायचं नाही. त्याला फाईलमध्ये कारण लिहावं लागतं. 'ग्राहक चिडली होती' हे कारण त्यात चालत नाही.

१४ मार्च

अहवाल आला, अकरा पानं. त्यात २२ फोटो.

हिशेब असा निघाला. तुलनेला तीन गाड्या घेतल्या आहेत, त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या. प्रत्येकीची जाहिरातीतली किंमत, त्यातून रनिंगच्या फरकाची वजाबाकी, मग मिळालेले आकडे ११०, १०८ आणि १०६. सरासरी १०८. त्यातून 'स्थिती वजावट' ८. राहिले १००.

पहिल्या वाचनात सगळं बरोबर वाटलं. छापील तक्त्याची हीच गंमत असते. मग ऑफिसात दुसऱ्याचं काम तपासते तसं केलं. शेवटचा आकडा कागदाने झाकला आणि प्रत्येक रकाना वेगळा धरला. हा रकाना कोणी भरला? कशावरून भरला?

रनिंग: ९०,०००. हा आकडा माझ्या गाडीने आयुष्यात पाहिलेला नाही. तळटिपेत बारीक अक्षरांत लिहिलंय, 'मीटर वाचता आला नाही, वार्षिक सरासरी १५,००० धरली'. सहा वर्षं गुणिले पंधरा हजार. बॅटरीची वायर! ती काढली म्हणून सर्व्हेअरला मीटर दिसलाच नाही.

स्थिती: 'सर्वसाधारण'. कारणाचा रकाना रिकामा.

तुलनेतली तिसरी गाडी: जाहिरात शोधून काढली. खाली स्वच्छ लिहिलंय की तिची पुढची बाजू अपघातानंतर दुरुस्त केलेली आहे.

व्हेरिएंट, म्हणजे त्याच मॉडेलमधला कमी-जास्त सोयींचा प्रकार: मधला. हे वाचून मी पुढे गेले. मधला की वरचा हे मलाच नक्की आठवत नव्हतं. गाडी घेताना सगळं लक्ष रंगाकडे होतं.

१७ मार्च

तीन दिवस सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती चाळतेय. पहिल्या दिवशी चुकीचं काम केलं. सर्वांत महागड्या पाच गाड्या निवडून सुंदर तक्ता बनवला. मावसभाऊ वकील आहे, त्याला दाखवला. तो म्हणाला, "ताई, हा तक्ता तुला नुसता खूश करण्यासाठी चांगला आहे." जाहिरातीतली किंमत ही मागणी असते, सौदा त्याच्या खाली होतो. आणि नुसत्या महाग गाड्या निवडल्या की समोरचा उरलेल्या तक्त्यावरही विश्वास ठेवत नाही.

तो तक्ता फेकला. नियम आधी लिहिले, मग गाड्या शोधल्या: तेच वर्ष, तोच गिअरबॉक्स, तेच इंधन, रनिंग ५० ते ७० हजार, अपघाताची नोंद नाही. प्रत्येक जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट, कारण गाडी विकली की जाहिरात गायब. सहा विक्रेत्यांना फोन करून विचारलं, शेवटचा भाव काय. दोघांनी काही सांगितलं नाही. उरलेल्या चौघांचा सूर एकच: तीन-चार टक्के सुटतील, त्याहून जास्त नाही.

मावसभावाने जाता जाता विम्याचं मूळ तत्त्व समजावलं. भरपाई म्हणजे माणसाला नुकसानीच्या आधी होता तिथे परत उभा करणं, ना त्याच्या पुढे ना मागे. १८८३ मधला 'कॅस्टेलन विरुद्ध प्रेस्टन' हा इंग्लंडचा निकाल यासाठी अजून शिकवतात. घर विकायचा करार झालेला, व्यवहार पुरा व्हायच्या आत आग लागली. मालकाने विम्याचे पैसे घेतले आणि घेणाऱ्याकडून ठरलेली पूर्ण किंमतही घेतली. कोर्टाने विम्याचे पैसे परत करायला लावले, दोनदा भरपाई नाही. 'टोटल लॉस' हा शब्दही मुळात जहाजांचा. १९०६ च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्यात 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस'ची व्याख्या आहे. जहाज बुडालेलं नाही, पण वाचवायचा खर्च त्याच्या किमतीच्या वर जातो. माझं जहाज काकांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली आहे.

१८ मार्च

आजचा दिवस चेसिस नंबरचा.

व्हेरिएंट नक्की करायला उत्पादकाच्या ग्राहक सेवेला फोन केला. नंबर वाचून दाखवताना अडले, "पुढे ओ की शून्य कळत नाहीये." पलीकडची मुलगी म्हणाली, "शून्यच असणार, त्यात ओ नसतोच." खरंय. १७ अक्षर-अंकांच्या या नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. संध्याकाळी मेलवर कागद आला: गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा व्हेरिएंट वरचा. मधल्यात दोन एअरबॅग, वरच्यात सहा.

सहा म्हटल्यावर अहवाल पुन्हा उघडला. फोटो क्रमांक १४. डाव्या मागच्या दारातून आत काढलेला. फुटलेल्या काचेचे दाणे सीटवर पसरलेत, आणि वरून, छताच्या कडेने, पांढरट कापड लोंबतंय. मी तो फोटो चारदा पाहिला होता आणि दरवेळी मला ते छताचं फाटलेलं अस्तर वाटलं होतं.

ती कर्टन एअरबॅग आहे, बाजूच्या धडकेत छतातून पडद्यासारखी खाली येते ती. त्यांनी लिहिलेल्या व्हेरिएंटमध्ये ती नसतेच. त्यांच्याच अहवालातल्या फोटोने त्यांचाच रकाना खोटा पाडलाय.

१९ मार्च

पत्र पाठवलं. दीड पान. पहिल्या मसुद्यात 'ही सरळसरळ फसवणूक आहे' असं वाक्य होतं, ते काढलं. फसवणूक नाहीच ही, घाई आहे. आणि घाई सुधारायला माणूस तयार होतो, फसवणूक कबूल करायला होत नाही.

एका मुद्द्याला एक पुरावा एवढंच ठेवलं. रनिंगसाठी अपघाताच्या पाच आठवडे आधीचं सर्व्हिसिंगचं बिल, त्यावर ६१,२४०. व्हेरिएंटसाठी उत्पादकाचा कागद आणि 'आपल्या अहवालातील फोटो क्र. १४ पाहावा'. तिसऱ्या गाडीसाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट. बाजारासाठी नियमात बसलेल्या नऊ गाड्या, वरची एक आणि खालची एक सोडून सात, मधली किंमत १२४, तिच्यातून विक्रेत्यांनी सांगितलेले ४ टक्के वजा, म्हणजे ११९. त्यावर दोन महिन्यांपूर्वी घातलेल्या चार नव्या टायरांचे ३. स्थिती वजावट शून्य. मागणी १२२.

टायरांचे ३ मिळणार नाहीत असं मनात होतं. तरी घातले. दादाचं रक्त थोडं माझ्यातही आहे.

२३ मार्च

उत्तर आलं. रनिंग मान्य, त्यामुळे ५ वाढले. प्रस्ताव १०५. बाकी मुद्द्यांवर 'अंतर्गत तपासणी सुरू आहे'.

मेलच्या शेवटी एक ओळ: गॅरेजमधल्या जागेचं भाडं कंपनी पहिल्या प्रस्तावापासून दहाच दिवस देईल. म्हणजे २१ मार्चपर्यंत. कालपासून मीटर माझ्या नावावर चालू आहे. सात दिवसांचं भाडं म्हणजे जवळजवळ १ अंक. आपण शहाणपणाने वाट बघत बसायचं आणि वाढवून मिळालेलं भाड्यात घालवायचं, असा हा सापळा. मी हा प्रश्न ११ तारखेलाच विचारायला हवा होता. गाडी त्यांनी आपल्या यार्डात हलवावी आणि हलवण्याला संमती म्हणजे रकमेला संमती नव्हे, असं लेखी घ्यायला हवं होतं. चूक माझी.

हप्ताही चालूच आहे. कर्जाची बाकी ३८. गाडी मोडली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. थांबवला तर विम्याचे पैसे यायच्या आधी दंड येतो.

२७ मार्च

आजचा फोन नीट लिहून ठेवते.

अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुमचा व्हेरिएंटचा मुद्दा बरोबर आहे. ६ वाढतील, १११ होतील. पण एक सांगू का, तुमच्याच हिताचं. किंमत १११ धरली तर दुरुस्तीचा अंदाज ८२ हा ७३.९ टक्के होतो. पंच्याहत्तरच्या खाली. मग गाडी टोटल लॉसमध्ये राहत नाही. आम्ही दुरुस्त करून देऊ."

मी गप्प. हे डोक्यातच आलं नव्हतं. किंमत वर ढकलत होते आणि ज्या रेघेवर उभी होते ती पायाखालून सरकत होती.

"१०५ वर सही केलीत तर ७८ टक्के, विषय संपला," ते म्हणाले. धमकी होती असं नाही वाटलं. त्यांचं गणित बरोबर होतं. विचार करून कळवते म्हटलं.

रात्री झोप नाही. दुरुस्त होऊन आलेली गाडी डोळ्यांसमोर येत राहिली. बाहेरून चकाचक, आतून खांबाला चिकटून गेलेली. तिच्यात आईला बसवणार का? नाही. मग १०५ घ्यायचे?

पहाटे तीनला उठून फोटो १४ परत उघडला. ८२ हा आकडाही कोणीतरी कुठल्या तरी रकान्यातूनच काढला असणार. दोन एअरबॅगची गाडी समजून किंमत काढली, तर दोनच एअरबॅगची समजून दुरुस्तीही काढली असेल!

२८ मार्च

सकाळी आठला गॅरेज. दुरुस्तीचा अंदाज काकांसमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोटाने एकेक ओळ वाचली.

"ताई, हे नुसतं बाहेरून बघून केलंय. यात पडद्याच्या एअरबॅगा कुठायत? छताचं अस्तर कुठाय? धक्क्याला बेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर उडालेत, ते दोन. कंट्रोल युनिट."

"आणि हा?" मी दोन दारांमधल्या खांबाकडे, बी-पिलरकडे बोट केलं. अंदाजात लिहिलं होतं, 'बी-पिलर डावा : सरळ करणे'.

काका हसले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, आतलं प्लॅस्टिकचं कव्हर दोन क्लिपा काढून सोडवलं आणि टॉर्च मारला. खांबाच्या मधोमध पत्र्याला घडी पडली होती, कागदाला पडते तशी धारदार. घडीच्या टोकाला केसासारखी चीर. "हा साधा पत्रा नाही. फार कडक पोलाद असतं हे. तापवून ठोकलं तर सरळ दिसेल, पण ताकद गेली. कापून नवा घालायचा असतो. तो घालायचा म्हणजे खालचा उंबरा उघडायचा, वरची छताची कड उघडायची."

त्यांनी फेरअंदाज लिहून दिला. ९९.

घडीचे आणि चिरेचे फोटो काढले, बाजूला मोजपट्टी धरून. काका म्हणाले, भाड्याचं बघू नंतर. मी म्हटलं नाही, पावती रोजच्या रोज फाडा. पावती असेल तरच ते कंपनीकडे मागता येतं.

दुपारी मेल. चार ओळी: व्हेरिएंट बदलला तर तो दोन्हीकडे बदलायला हवा, किमतीतही आणि दुरुस्तीतही. सोबत फेरअंदाज आणि फोटो. फेरपाहणी करावी. पहिल्या पाहणीतल्या त्रुटींमुळे लागणाऱ्या दिवसांचं जागाभाडं कंपनीने सोसावं.

२ एप्रिल

फेरपाहणी. तेच सर्व्हेअर. या वेळी तासभर. काकांनी दोन्ही बाजूंची कव्हरं आधीच सोडवून ठेवली होती. तात्पुरती बॅटरी लावून मीटर पेटवून दाखवला: ६१,९०२. सर्व्हेअर बी-पिलरपाशी बराच वेळ वाकून बसले. निघताना म्हणाले, "पहिल्या वेळी एवढं उघडून बघता आलं नव्हतं." मी चहाचं विचारलं. भांडण त्यांच्याशी नव्हतंच.

६ एप्रिल

दुरुस्ती ९९ मान्य. १११ वर ८९ टक्के, टोटल लॉस कायम. प्रस्ताव १११. टायर नामंजूर: टायर हा देखभालीचा भाग, प्रत्येक चालत्या गाडीला बऱ्या टायरांची अपेक्षा धरलेलीच असते. यात तथ्य आहे, सोडून दिलं.

राहिली स्थिती वजावट, ८. फोनवर विचारलं, कशाकशाचे ८? "विक्रीला ठेवलेली गाडी तयार केलेली असते मॅडम, वापरातली तशी नसते. म्हणून सरसकट लावतो."

मी म्हटलं, सरसकट नको, माझ्या गाडीचे लावा. आणि माझ्याकडची यादी स्वतःच वाचून दाखवली: मागच्या बंपरला उजवीकडे जुना ओरखडा, ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवलेली, पुढच्या काचेला खड्याची टिकली. अपघाताच्या तीन आठवडे आधी मावसभावाच्या लग्नात गाडी सजवली होती, तेव्हाचे फोटो आहेत. त्यात हे तिन्ही दोष दिसतात आणि बाकी गाडी कशी होती तेही दिसतं. या तिन्हींच्या दुरुस्तीचा काकांचा अंदाज ३.

पलीकडे थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज. "फोटो पाठवा."

आपले दोष आपण आधी सांगितले की समोरच्याचा स्वर बदलतो, हे ऑफिसच्या ऑडिटमध्ये कित्येकदा पाहिलंय. इथे वापरायला सुचलं ते नशीब.

८ एप्रिल

स्थिती वजावट ८ ऐवजी ३, म्हणून अंतिम प्रस्ताव ११६. जागाभाडं २२ मार्चपासून आजपर्यंतचं, १८ दिवसांचं, म्हणजे अडीच अंक, कंपनी देणार. लेखी आलं.

मूल्यांकनाच्या कलमावरची पेन्सिलची खूण एकदा पाहिली. माझ्या १२२ पासून फरक ६. माझा मूल्यांकक आणि पंचाचा निम्मा भाग धरून खर्च ५ च्या घरात, वर महिना-दीड महिना. शिवाय त्या ६ मधले ३ टायरांचे आणि ३ मीच वाचून दाखवलेल्या ओरखड्यांचे. लढायला काही उरलेलंच नाही. मान्य केलं.

मोडीचं विचारलं त्यांनी, गाडी ठेवायची का? ठेवली तर ११६ मधून २४ वजा. काका टायर, बॅटरी, इंजिन सुटं विकून २४ च्या वर काढतील असं म्हणत होते. पण मोडीत गेलेल्या गाडीची कागदपत्रं माझ्या नावावर ठेवून सुटे भाग विकत बसायचं काम माझं नाही. नको म्हटलं.

१० एप्रिल

संमतीपत्र सहीआधी वाचलं. 'सर्व दाव्यांची पूर्ण व अंतिम भरपाई' असं वाक्य होतं. सर्व म्हणजे मानेच्या उपचारांचे पैसेही आले त्यात, आणि ठोकणाऱ्याकडून वसूल व्हायची माझी २ ची वजावटही. 'फक्त वाहनाच्या नुकसानीपुरती. अनिवार्य वजावटीच्या वसुलीचा हक्क राखून' असं बदलून मागितलं. कुरकुर न करता दिलं. मागितलं नसतं तर त्यांनी आपणहून कशाला दिलं असतं?

११ एप्रिल

गाडी रिकामी केली. डॅशकॅमचं कार्ड, गॅरेजच्या दाराचा रिमोट, डिकीतली छत्री, सीटखाली चार वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं. बॅटरी जोडून स्क्रीनवरचे फोन नंबर, घराचा पत्ता, सगळं पुसलं. गाडी कुठल्या यार्डात, कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही.

नंबरप्लेट आणि मूळ कागद कंपनीच्या माणसाकडे, प्रत्येकाची पोच घेऊन. मालकी हस्तांतराच्या अर्जाची प्रत माझ्याकडे. उद्या त्या चेसिस नंबरावर कोणी काही उद्योग केले तर माझ्या दारात पोलीस यायला नकोत.

काकांनी टो ट्रक सुटताना ताडपत्री काढून घेतली. "ही माझी आहे," म्हणाले.

२१ एप्रिल

पैसे आले. ११६ वजा २, म्हणजे ११४. त्यातले ३८ आधी बँकेकडे, उरलेले ७६ माझ्या खात्यात. मधल्या काळात एक हप्ता भरला होता, म्हणजे बँकेने थोडे जास्त घेतले. मेल केली.

२९ एप्रिल

बँकेचा जास्तीचा भाग परत. कर्ज संपल्याचं पत्र आलं. काकांचं भाडं कंपनीकडून थेट त्यांना मिळालं, त्यांनी फोन करून सांगितलं.

१९ जून

माझ्या विमा कंपनीने ठोकणाऱ्याच्या विमा कंपनीकडून वसुली केली. माझी २ ची वजावट आज जमा. मालकी हस्तांतर झाल्याचा कागदही याच आठवड्यात आला, फाईलला लावला.

मानेची फाईल अजून चालू आहे.